तांबट आळीचा भरला तांब्या

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिथला राजा मनाने चांगला होता, पण कपाळाला सदान्‌कदा आठ्या. कारण त्याचं डोकं दुखे. सकाळी सभेत बसला की थोड्या वेळाने ठणका सुरू, तो थेट दिवस मावळेपर्यंत.

आता त्या सभेची रीत ऐका. राजाने सिंहासनावरून मध्येच उठणं म्हणजे अपशकुन. उठावं लागू नये म्हणून राजा पाण्याला शिवायचाच नाही. आणि राजाच्या आधी पाणी पिणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून प्रधान पीत नसत, सेनापती पीत नसत, खुद्द राजवैद्यही पीत नसत. सगळी सभा कोरडी ठणठणीत! प्रधान चिडचिडे, सेनापती पेंगुळलेले आणि वैद्यबुवा सुकल्या ओठांनी राजाच्या कपाळाला चंदनाचा लेप लावत बसलेले.

वाड्यामागे तांबटांची आळी होती. तिथे दिवसभर हंडे, कळश्या, पराती ठोकल्या जात. ठक्‌ ठक्‌ ठक्‌! राजाला वाटलं, सापडलं आपल्या डोकेदुखीचं मूळ.

"उद्या दिवस मावळायच्या आत आळी रिकामी करा," त्याने हुकूम सोडला.

आळीवर आभाळच कोसळलं. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, भट्ट्या सोडून जायचं कुठे? बायका डोळे पुसत गाड्या भरू लागल्या. आळीतली सगळ्यांत थोरली ठकूआत्या मात्र एक नवा, भला मोठा तांब्या घासत बसली. गाव सोडताना राजाला भांडं द्यायचं, ही तांबटांची रीत. ते रिकामं द्यायचं नाही, आणि घेणाऱ्याने पाणी पिऊन ते पालथं घालेपर्यंत देणाऱ्याने जागचं हलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूआत्याने भरला तांब्या राजापुढे ठेवला.

"ठेव आणि जा," राजा म्हणाला.

"तांब्या पालथा झाल्याबिगर कशी जाऊ, महाराज? आमची रीत हाय ती."

"आणि आमच्या सभेची रीत?" प्रधान खेकसले.

"तुमची तुम्ही पाळा. मी बसते," असं म्हणून आत्याने मांडी ठोकली.

राजाला हसू आलं. म्हातारी जातेच आहे, तिचं मन कशाला मोडा? त्याने एक घोट घेतला. गार, गोड पाणी! थोड्या वेळाने दुसरा घेतला. मग कामाच्या नादात हात आपोआप तांब्याकडे जाऊ लागला.

दुपारी व्हायचं तेच झालं. राजा उठला! सभा थिजली. राजा बाहेर जाऊन आला, हलका होऊन बसला. छत काही कोसळलं नाही.

"बरं झालं, ठोके थांबले," राजा म्हणाला. "आळी निघाली वाटतं?"

"कुठं थांबले? माझा थोरला शेवटची परात ठोकतोय. कान देऊन ऐका की."

राजाने ऐकलं. ठक्‌ ठक्‌ ठक्‌! त्याने कपाळाला हात लावला. ठणका नव्हता. उलट त्या ठोक्यांना छान ताल होता, आणि तो त्याला आजच ऐकू आला होता.

"आत्या, तुझ्या तांब्यात जादू आहे!"

"जादू कसली डोंबलाची? आमच्या आडाचं पाणी हाय. आम्ही काम करता करता पितो, तुम्ही पीत नाही, एवढंच!"

"महाराज, मलाही एक घोट..." राजवैद्य हळूच पुटपुटले, आणि सगळी सभा खो खो हसली.

राजा मात्र मनातून शरमला. केवढा अन्याय करायला निघालो होतो मी! त्याने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला आणि सभेतल्या प्रत्येकासाठी आळीतून एकेक तांब्या मागवला. मग उरलेलं पाणी पिऊन त्याने आपला तांब्या पालथा घातला.

"झाली रीत. निघते मी," ठकूआत्या उठली.

"कुठे निघालीस?" राजाने दचकून विचारलं.

"घरी, महाराज! गाड्या उतरवायच्या हायेत."

तात्पर्य: दिवसभर पुरेसं पाणी प्यावं, नाहीतर कोरड पडते आपल्या घशाला आणि खापर फुटतं शेजाऱ्याच्या डोक्यावर.