झिजलेल्या नदीचा अंक

कृतयुग मावळून त्रेतायुगाचे पहिले किरण पृथ्वीवर पडत होते, त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस पयोदा नदीच्या तीरावर शुभ्रकूट नावाचे राज्य होते. तेथील अंथरुणाला खिळलेला राजा धृतकोश याची एकुलती कन्या सुवेणा बारा वर्षे हिमालयात, महर्षी शंखपादांच्या आश्रमात शिकून परत निघाली, तेव्हा तिच्या झोळीत भूर्जपत्रांवर रेखाटलेले सोळा अंक होते. नव्या शासकाने अभिषेकापूर्वी नाण्यावरचा अंक, म्हणजे त्यावर उठवायचे चिन्ह, ठरवावा, ही त्या देशाची रीत होती. वाटेत तिने सारे मनाशी योजले होते. पयोदेच्या भरल्या प्रवाहातून नाव नगराला लागेल. टांकसाळीच्या मंडपात बारा श्रेणींचे, म्हणजे व्यवसायसंघांचे, मुखिये आपलाच अंक हवा म्हणून भांडतील. आणि ज्याचा अंक निवडला जाणार नाही त्याची समजूत कोणत्या शब्दांत घालावी, तेही तिने घोकून ठेवले होते.

प्रत्यक्षात ती नदीच्या पात्रातून चालत आली. पात्राला भेगा पडल्या होत्या, आणि एका भेगेत कोणाच्या तरी नावेचे वल्हे अडकून उभे राहिले होते.

मंडपात बारा मुखिये होते, पण भांडत कोणी नव्हते.

"गाईचा अंक कोरावा, असे माझ्या मनात आहे," सुवेणा म्हणाली.

अंक ज्याचा, त्याने ऐरणीवर हात ठेवून संमती द्यायची असे. गोपालांच्या मुखियाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "गाय नको, देवी. माझ्या तीनच उरल्या आहेत."

"मग जवाची ओंबी?"

कृषकांचा वृद्ध नुसती मान हलवत राहिला.

"सूर्य?"

पुरोहिताने मंडपाच्या झरोक्यातून वर पाहिले आणि हात उत्तरीयाखाली लपवले.

"माशाचा अंक काढा," कोपऱ्यातून धीवरांची मुखिया अंबुला म्हणाली. "मासे उरलेलेच नाहीत. झिजणार काय?"

दोघे तिघे हसले. सुवेणेला काहीच कळेना. तेव्हा टांकसाळीचा प्रमुख वज्रक याने तिच्या तळहातावर दोन नाणी ठेवली. जुन्या नाण्यावर नदीची नागमोडी रेघ होती. नव्यावर काहीच नव्हते. "हेही त्याच ठशाने पाडले आहे," तो म्हणाला. "तुमच्या पित्याने तीनदा रेघ खोल करवली. रुपे आता ती घेत नाही. तुमच्या पणज्याला शंखपादांनी दिलेला वर तुम्हाला ठाऊक असेलच."

तिला तो मुखोद्गत होता. 'ज्याचा अंक नाण्यावर, ते नाण्यासवे घरोघरी पोहोचेल. आणि जे हातोहात जाईल, ते हातोहात झिजेल.' बारा वर्षे रोज पहाटे तिने हा श्लोक म्हटला होता आणि दानाचा महिमा समजून त्यावर डोळे मिटले होते. पूर्वार्ध ऐकताच तिच्या पणज्याने हर्षाने भूमीला मस्तक टेकले होते, आणि उत्तरार्ध त्याच्या पाठीवरून निघून गेला होता. नाण्यावर नदी कोरली गेली, आणि पुढच्या राजांनीही तोच अंक ठेवला. पाटापाटाने पयोदा प्रत्येक अंगणात पोहोचली, आणि चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी तिला पुसून टाकले.

"सीमेवर उत्तरेचे सार्थवाह धान्य घेऊन थांबले आहेत," वज्रक म्हणाला. "अंक नसलेल्या रुप्याला ते खडा म्हणतात. उद्या मध्यान्हापर्यंत वाट पाहतील. मग परत फिरतील."

"राजवाड्याच्या तळ्यात अजून कमळे फुलतात का, राजकन्ये?" अंबुलेने विचारले.

"फुलतात."

"मग तुम्हाला विचार करायला वेळ आहे. आमच्या गावात या पंधरवड्यात पाच मुले गेली."

दिवस कलताना सुवेणा एकटीच पात्रातून खाली चालत गेली. जिथे पूर्वी डोह होता, तिथे शोषासुर पसरला होता. तप्त वाळूसारखी धूसर ज्याची कांती, भेगाळलेल्या मातीसारखे ज्याचे वक्ष, आणि ज्याच्या प्रत्येक श्वासासरशी तीरावरच्या अर्जुनवृक्षांची उरलीसुरली पाने गळून पडत, असा तो दैत्य पयोदा क्षीण झाल्यापासून तिच्या शय्येवर निजत आला होता. खालची सत्तर गावे त्याने प्यायली होती. राजवाड्याचे तळे मात्र शंखपादांच्या मंत्राने रक्षिलेले होते, आणि तिकडेच तोंड करून तो लोळत होता.

"वधाला आली असशील तर शस्त्र कुठे आहे?" त्याने विचारले.

"नाण्यावर तुझा अंक कोरावा का, हे विचारायला आले आहे."

शोष उठून बसला. "इंद्राचा अंक नाही, वरुणाचा नाही, माझा?"

"तू घरोघरी पोहोचशील. राजवाड्यातही. तिथे मंत्र तुला अडवणार नाही, कारण नाणे तुला आत नेईल. आणि हातोहात जाशील, तसा हातोहात झिजशील."

"हे तू शत्रूला सांगतेस?"

"अर्धाच श्लोक ऐकल्याने आमच्या कुळाने काय केले, ते मी आज पाहिले."

दैत्य हसला, पात्रातली माती तडकली. "वेडे पोरी, अंगठ्याने कधी दुष्काळ झिजतो?"

"नदी झिजली."

दैत्याचे हसू थांबले. मग खालच्या स्वरात म्हणाला, "तुझ्या पित्याच्या उशाशी एक कमंडलू आहे. वैद्य त्यातले पाणी थेंबाथेंबाने त्याच्या जिभेवर सोडतात. मी आत आलो की आधी तोच कोरडा पडेल. सूर्योदयी मी ऐरणीपाशी येईन. बोलाव, नाहीतर बोलावू नकोस."

सूर्योदयापूर्वी सुवेणा पित्याच्या शय्येपाशी गेली. धृतकोशाचे ओठ सुकलेल्या सालीसारखे झाले होते.

"अंक ठरला का, वत्से?"

तिने सारे सांगितले. जो दुष्काळ आजवर खालच्या सत्तर गावांनीच सोसला, तो सर्वांच्या हातांत वाटला गेला तरच झिजेल, हेही सांगितले. राजाने कमंडलूकडे पाहिले.

"योग्य आहे," तो म्हणाला. "पण पहिले नाणे दुसऱ्या कोणाकडे जाऊ दे. मला फार तहान लागते, बाळ."

तिने त्याचे पाय दाबले. मग ती उठली.

टांकसाळीत वज्रक छिन्नी हातात घेऊन उभा होता. दाराबाहेर उष्ण वारा येऊन थांबला होता, आणि मुखिये एकमेकांना चिकटून बसले होते. सुवेणेने झोळीतली सोळा भूर्जपत्रे भट्टीत टाकली.

"भेगाळलेली भूमी कोर," ती म्हणाली. "त्याला आत येऊ दे."

शोषासुराने ऐरणीवर हात ठेवला. ठसा तयार झाला, घण पडला, आणि रुप्याने अंक घेतला.

"पुढची नाणी पाडून मध्यान्हापूर्वी सीमेवर न्या. हे पहिले आमच्या घरी जाईल," सुवेणा म्हणाली, आणि गरम नाणे उघड्या हातात धरून ती स्वतःच निघाली. ती अंगणात शिरली तेव्हा तळ्यातली कमळे देठांतून वाकत होती. अंबुला तिच्यामागून दारापर्यंत आली होती. आत मात्र आली नाही.

धृतकोशाने रिकाम्या कमंडलूकडे पाहिले, मग मुलीकडे. ती त्याच्या उशाशी बसली आणि नाणे त्याच्या तळहातावर ठेवले. बराच वेळ तो निश्चल होता. मग त्याचा अंगठा त्या भेगांवर हलू लागला; मागे, पुढे, पुन्हा मागे.

शुभ्रकूटात नाणे दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यावरून एकदा अंगठा घासतात. पयोदा कोणत्या पिढीत परतली, यावर तेथे मतभेद आहेत. घासण्याविषयी नाहीत.