हौसाबाईचं रिकामं पारडं

एका बाजाराच्या गावात हौसाबाई नावाची भाजीवाली राहायची. तिला तोलायची भारी खोड. भाजी तर तोलायचीच, पण लुगडं घेतानाही या हातावर एक, त्या हातावर एक घेऊन उभी राहायची. ‘तोलल्याशिवाय मी काही करत नाही,’ असं साऱ्या गावाला ऐकवायची.

एकदा शेजारच्या गावात गोवराची साथ आली. लस टोचायला नर्सबाई घरोघर येणार, अशी दवंडी पिटली गेली आणि हौसाबाई घाबरली. तिची लेक छबी नुकती कुठे दुडुदुडु पळायला लागली होती.

हौसाबाईने पोती तोलायचा मोठा तराजू टांगला. “लस टोचली की ताप येतो,” म्हणत पारड्यात बटाटा ठेवला. “दंड दुखतो,” म्हणत वांगं ठेवलं. “पोर किरकिर करतं,” म्हणत मूठभर मिरच्या टाकल्या.

तेवढ्यात शेजारच्या सखूआत्या डोकावल्या. “अगं, माझ्या नणंदेच्या जावेच्या गावात एका पोराचा हातच लुळा पडला म्हणे.”

झालं. हौसाबाईने अख्खा लाल भोपळा चढवला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

नर्सबाई दारात आल्या तशी ती म्हणाली, “मी तोलून बघितलंय बाई. टोचायचं नाही.”

नर्सबाईंना हसू आलं. “बटाटा, वांगं, मिरच्या, सगळं खरं आहे. ताप येईल आणि उतरेल. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर मी लगेच जात नाही, बसून लक्ष ठेवते. पण हा भोपळा कुणी पाहिलाय?”

सखूआत्या पदराशी चाळा करू लागल्या. “पाहिला नाही, ऐकलंय,” त्या पुटपुटल्या. भोपळा खाली उतरला.

“आणि हौसाबाई, दुसऱ्या पारड्यात काय आहे?”

हौसाबाईने पाहिलं. काहीच नव्हतं. जन्म तोलण्यात गेला आणि बाई एकाच पारड्यावर निकाल देऊन मोकळी झाली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“त्यात गोवर ठेवा,” नर्सबाई म्हणाल्या. “अंग फणफणतं, छाती भरते, कुणाचे डोळे जातात. कुणाचं पोरच जातं.”

हौसाबाईने कांदा उचलला, परत ठेवला. कोबी उचलला, परत ठेवला. या भीतीच्या वजनाची भाजीच तिच्या टोपलीत नव्हती. मग तिने छबीला उचललं आणि अलगद पारड्यात बसवलं. ते पारडं खाली आलं, पलीकडचा बटाटा टुणकन उडाला. छबीला वाटलं झोकाच आहे. “अजून,” म्हणून ती खिदळली.

हौसाबाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. “टोचा बाई,” ती म्हणाली.

छबी रडली. पुढच्या आठवड्यात अंगही तापलं, तेव्हा हौसाबाईचा जीव टांगणीला लागला. ताप उतरला तशी पोरगी पुन्हा अंगणभर हुंदडू लागली. छबीला टोचलं त्याच दिवशी सखूआत्यांनीही नातवाला काखोटीला मारून आणून टोचून घेतलं होतं.

पुढे गोवर या गावातही आलाच. तेव्हा ही दोन पोरं खुशाल चिखलात लोळत होती, आणि त्यांना घासूनपुसून न्हाऊ घालताना हौसाबाई अन् सखूआत्या मोठमोठ्याने गाणी म्हणत होत्या.

तात्पर्य: औषधाचा त्रास तोलायचा तर दुसऱ्या पारड्यात आजारही ठेवावा, आणि नुसतं ऐकलेलं कुठल्याच पारड्यात ठेवू नये.