सुरवंताचा हात

सांगा पाहू, ज्या हाताने रोज भाकरी घातली त्याच हाताने एके दिवशी आग लावली, तर मुक्या जिवाने पाहावे कोणाकडे? उत्तराची घाई करू नका. आधी सुरवंताची हकीकत ऐका.

फार वर्षांपूर्वी, माळावर लांडग्यांचा वावर होता त्या काळी, काळखडी ही धनगरांची वस्ती होती. टेकाडावर खंडोबाचे ठाणे आणि देवाच्या पायाशी दगडाचे कुत्रे. त्या कुत्र्याला हळद वाहिल्यावाचून वस्तीत चूल पेटत नसे. तरीही त्याच वस्तीच्या हातून पाप घडले.

एका वर्षी वस्तीतल्या कुत्र्यांना खाज सुटली. कानांवर खपल्या धरल्या, केस झडले, आणि कुत्री राखण सोडून भिंतींना अंग घाशीत बसू लागली. हैबती कारभारी वस्तीचा मुख्य. तो म्हणाला, हा देवाचा कोप आहे; बिब्बा लावा, निष्पाप असेल ते जगेल. मेंढराच्या कुजल्या खुराला बिब्बा लावावा, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. खुराचे औषध कातडीला सोसेल का, हे कोणी विचारले नाही. बिब्ब्याच्या तेलाने कुत्र्यांची अंगे भाजली, सोलली. कित्येक विव्हळत ओढ्यापलीकडे गेली, ती परतली नाहीत.

वस्तीच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली सुरवंता नावाची विधवा राहत असे. तिला मूलबाळ नव्हते. बोलणे थोडे, देवावर भार मोठा. आजारी जनावराच्या अंगावरून ती डोळे मिटून हात फिरवी, आणि दुखणे आपण होऊन तिच्या तळहाताशी येई, असे म्हणतात.

शेवटी हैबतीची स्वतःची कुत्री, काजळी, खाजवू लागली. याच काजळीने त्याच्या तान्ह्या लेकीला लांडग्याच्या जबड्यातून सोडवले होते. हैबतीने बिब्बा तापवायला घेतला, तेव्हा सुरवंता दारात येऊन उभी राहिली.

"कारभारी, थांबा जरा. मला हात फिरवू द्या."

"हात फिरवून कोप उतरतो व्हय गं?"

"कोप कुणाचा, ते तरी बघू."

तिने काजळीला मांडीशी घेतले. बाकीच्या कुत्र्यांची खाज कानांच्या कडांपासून निघाली होती. ती खरूज होती, एकाची दुसऱ्याला लागलेली. काजळीचे कान मात्र स्वच्छ होते. ती शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडत होती, आणि तिथे केसांच्या मुळाशी काळी भुकटी साचली होती. सुरवंताने ती ओल्या फडक्यावर झटकली. फडक्यावर तांबडे डाग उतरले.

"पिसवांची घाण हाय ही. रगत पिऊन टाकल्याली. कुठं निजती ही?"

हैबतीने पडवीकडे पाहिले. काजळी त्याच्या पडवीत, कित्येक वर्षे साठवलेल्या कुबट लोकरीच्या ढिगावर निजत असे. ती लोकर टाकून द्या, असे बायको सांगून थकली होती.

"कुत्रं आजारी न्हाई, कारभारी. अंथरूण आजारी हाय."

"म्हंजी देवाचा कोप कारभाऱ्यांच्या पडवीत मुक्कामाला हाय म्हणा की," जमलेल्यांतून कोणी म्हणाले, आणि लोक हसले.

हैबतीचा चेहरा काळवंडला. "चंपाषष्ठीपतुर घिऊन जा. त्या दिशी देवाच्या पायरीवर ही खाजवताना दिसली, तर बिब्बा लावून वड्यापल्याड घालवीन. आन्‌ तिच्यासंगं तुलाबी."

सुरवंताने काजळीला लिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने न्हाऊ घातले. शिंगाच्या बारीक फणीने पिसवा काढल्या. नखांनी जखमा उकरू नयेत म्हणून पंजांना मऊ फडकी बांधली. निजायला दिलेले पोते ती रोज उन्हात टाकी. ज्यांना खरूज होती त्या कुत्र्यांना तिने वेगळे बांधले आणि करंजाच्या तेलात गंधक खलून लावले. हात लावण्याआधी प्रत्येकाला ती विचारी, "कुठं खाजतंय, बाळा?" कुत्री वळून जागा दाखवीत, असे म्हणतात.

काजळीच्या अंगावर काळी लव फुटू लागली. हे पाहून हैबतीला आनंद व्हायला हवा होता. त्याला भय वाटले. ती बिब्ब्यावाचून बरी झाली, तर ओढ्यापलीकडे गेलेल्या सगळ्या कुत्र्यांचे पाप त्याच्या पदरी येणार होते.

षष्ठीच्या आदल्या पहाटे सुरवंता पाण्याला गेली, तेव्हा हैबती तापल्या बिब्ब्याचे मडके घेऊन करंजाखाली आला. काजळी भुंकली नाही. धनी आला म्हणून ती शेपूट हलवीत उठली आणि फडके बांधलेला पंजा तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवला. तरीही त्याने मडके उचलले. त्याच क्षणी टेकाडावरचे दगडाचे कुत्रे भुंकले, असे म्हणतात. मडके हातातच फुटले, आणि सारे तेल हैबतीच्या दोन्ही हातांवर ओघळले.

सुरवंता परतली तेव्हा तो जमिनीवर लोळत, हात खाजवत होता. तिने एक शब्दही न विचारता त्याच्या हातांवर खोबऱ्याचा कीस आणि तूप बांधले.

"खाजवू नगा, कारभारी. का काजळीची फडकी बांधू?"

तो रडू लागला. "आक्का, त्यांनाबी असंच झालं आसंल?"

"व्हय," ती म्हणाली. "फकस्त त्यांला सांगता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी काजळी देवाच्या पायरीवर सबंध पूजाभर शांत बसून राहिली.

पुढे सुरवंता वारली, त्या दिवशी ओढ्यापलीकडे गेलेली कुत्री एकेक करून परतली आणि करंजाभोवती बसली, असे म्हणतात. आजही चंपाषष्ठीला काळखडीत माणसांच्या आधी कुत्र्यांना न्हाऊ घालतात आणि त्यांची अंथरुणे उन्हात टाकतात. मग घरातला कर्ता डोळे मिटून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "कुठं खाजतंय, बाळा?" याला ते सुरवंताचा हात म्हणतात. तो फिरल्याशिवाय देवाला नैवेद्य दाखवत नाहीत.

हैबतीचे हात बरे झाले. पण कातडी दगडासारखी झाली, आणि त्या हातांना पुन्हा कसलाही स्पर्श कळला नाही. काजळी जगली तोवर रोज संध्याकाळी येऊन त्याचे तळहात चाटीत असे. ती चाटते आहे हे त्याला फक्त दिसत असे.