पुडी आणि सुई

“…मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाबा? तुमचीच साखर उतरली. आता मला आज्ञा द्या.”

अच्युत हे बोलला तेव्हा सावंगीकर बाबा ओसरीवर सुपात मटकी निवडत बसले होते. मठाचे महंत झाले तरी निवडणटिपण त्यांनी सोडलं नव्हतं.

“कायची आज्ञा?”

“पद्माची सुई बंद करतो. माझी पुडी सुरू करतो.”

पद्मा त्याची धाकटी बहीण. शाळेत असल्यापासून तिला साखरेचा आजार. जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई घ्यायची, मगच घास.

अच्युत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि सुट्टीत पद्माला घेऊन मठात येऊन राहायचा. या खेपेला त्यानं जांभळाच्या बिया, कारलं, मेथी, बेलाची पानं वाळवून कुटली होती. बाबांनाही उतारवयात थोडी साखर निघालेली. रोज सकाळी तो एक पुडी त्यांच्यापुढे धरायचा, बाबा दोन्ही हातांनी घ्यायचे. परवा रक्त तपासलं, तर आकडा चांगलाच खाली. तेव्हापासून अच्युतचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“पद्मा कुठी हाय?”

“आत, पंगतीच्या खोलीत. सुई घेतली नाही, जेवलीही नाही. तुमच्या शब्दासाठी थांबलीये.”

बाबांचा हात मटकीत थांबला.

“थांबवलं कोनं?”

“मी.”

“कायले रे एवढी घाई?”

अच्युतचा आवाज एकदम उतरला.

“तिच्या पोटावरच्या त्या टोचलेल्या जागा बघवत नाहीत, बाबा. लहानपणी ती सुई बघून कणगीमागं लपायची. मीच तिला ओढून आणायचो…”

जीव होता त्याचा बहिणीवर. नसता, तर उन्हात पानं राखत कोण बसलं असतं?

बाबा उठले. आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आले आणि झाकण काढून त्याच्यापुढे ठेवला.

डब्यात पुड्या होत्या. अच्युतनंच बांधलेला दोरा, त्याचीच गाठ.

“या… माझ्या पुड्या?”

“तुह्याच.”

“तुम्ही घेतल्याच नाहीत?”

“घेतल्या ना. खाल्ल्या नाई.”

“पण रोज हात पुढे करून…”

“मठात कोनी मायेनं आनलेलं परत करत नाई, तुले ठाव हाय. डॉक्टरच्या गोया चालू हायेत माह्या. त्याच्यावर हे चालते का, ते कोनाले इचारलं नव्हतं, म्हनून ठेवून देल्लं. तू रोज इचारे, ‘बाबा, बरं वाटते का?’ वाटत होतं. पुडी खाल्ली का, हे तू कधी इचारलंच नाई.”

अच्युत डब्याकडे बघत राहिला.

“मग साखर उतरली कशानं?”

“तू मले रोज नदीवर फिरवून आनलं. माह्या ताटातला गूळ उचलून नेला. कशानं उतरली, मले काय मालूम?”

“म्हणजे माझं औषध खोटं?”

“ते तरी मी कसं सांगू? मी खाल्लंच नाई.”

शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला असा चिमटा कोणी काढला नसेल, आणि इतक्या हळू हातानं तर नाहीच. तरी त्यानं शेवटचा जोर लावला.

“गावातल्या ज्यांना पुड्या दिल्या, त्यांना गुण आलाय, बाबा. मला येऊन सांगून गेले.”

“ज्याले नाई आला, तो सांगाले कायले येईन?”

…

अच्युतनं डब्याचं झाकण लावलं.

मग बाबांनी आत हाक दिली. पद्मा आली, दंडवत घालून बसली. भुकेनं तिचा चेहरा उतरला होता, पण तक्रारीचा शब्द नव्हता.

“भाऊ म्हनते तं सोडीन सुई,” ती म्हणाली. “माहा भरोसा हाय त्याच्यावर.”

हे ऐकून अच्युतची मान खाली गेली. एवढा भरोसा, आणि तो आपण कशाच्या जोरावर मागितला होता?

“सुईची पिशवी आन, बाई.”

तिनं आणली. बाबांनी ती अच्युतपुढे धरली.

“आज तू दे.”

“मी? नाही बाबा… मला तर बघवतसुद्धा नाही.”

बाबा पिशवी पुढेच धरून राहिले.

शेवटी त्यानं घेतली. पद्मा हसली. “भेऊ नोको, भाऊ. मी सांगते ना.” तिनं स्वतःच मात्रा लावली, पुन्हा एकदा तपासली आणि सुईचं पेन त्याच्या हातात दिलं. पदर सारून पोटाची कातडी चिमटीत धरली. “सरळ धर. हां, असंच. आता दाब. लगेच काढू नोको…”

त्यानं दाबलं. डोळे मिटले नाहीत.

“दुखलं का गं?”

“नाई रे.”

थोडं दुखलं होतं. पण ते तिनं भावाला कळू दिलं नाही.

अच्युतची कॉलेजातली भाषा कुठल्या कुठे गेली. “पद्मे, चुकलं वं माह्यं…” एवढंच तो म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जणू तीच मोठी.

थोड्या वेळानं डोळे पुसून तो बाबांकडे वळला. आतला मास्तर अजून पुरता गप्प झाला नव्हता.

“बाबा, मग खरं काय ते शोधायचं तरी कसं? सुरुवात कुठून करू?”

बाबांनी मटकीचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“बहीन उपाशी हाय. आधी तिले वाढ.”