वाळवीचं वाचनालय

एक होतं रान. म्हणजे अजूनही आहे, निदान नकाशात तरी आहे. त्या रानात एक कासव राहत असे. ते कासव म्हणजे मी, आप्पा कामठे. सरकारच्या आवक-जावक खात्यात एकशे दहा वर्षं इमानेइतबारे काढली. अर्ज यायचा, मी शिक्का मारायचो, अर्ज जायचा. कुठं जायचा ते विचारायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ससा असो की गवा, मी एक गोष्ट बजावायचो: "बाबा रे, वाचल्याशिवाय सही करू नकोस." खात्यात माझं नावच 'वाचून-करा आप्पा' पडलं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

निवृत्त झाल्यावर कासवानं दिवसभर करायचं काय? घरात बसावं तर आमची भागीरथी म्हणते, "अहो, पायात पाय येतात तुमचे, जा बरं कुठंतरी." म्हणून मी रोज सकाळी उंबराच्या ढोलीतल्या सार्वजनिक वाचनालयात जात असे. आठला निघालो की दहापर्यंत पोचायचो. तिथं 'रानवार्ता' या वर्तमानपत्राचा एकच अंक यायचा, चार पानांचा. आम्ही म्हातारे तो पानं वाटून वाचायचो. पहिलं पान साळिंदर नरहरपंतांना, कारण ते पोलिसातून निवृत्त झालेले, त्यांना सकाळी सकाळी संतापल्याशिवाय पोट साफ होत नसे. शेवटचं पान माझ्याकडे. त्यावर कोण गेलं ते असायचं. मग पानांची अदलाबदल, मग राजकारणावर चर्चा, मग "या रानाचं काही खरं नाही" असा ठराव एकमतानं मंजूर करून आम्ही जेवायला घरी जायचो. अशी आमची लोकशाही होती.

ग्रंथपाल होत्या यमुताई. जातीनं घुबड. दिवसभर डोळे मिटून बसायच्या आणि लोकांना वाटायचं, बाई झोपा काढते. पण 'रानवार्ते'चा पहिल्यापासूनचा एकूणएक अंक त्यांनी बांधून ठेवला होता. तुम्ही विचारायचा अवकाश, की त्या डोळे न उघडता सांगणार, "खालचा कप्पा, डावीकडून तिसरी फाईल, मधे पिंपळाचं पान घातलंय." बाईला ना पिल्लं, ना नातेवाईक. त्या फायली म्हणजे तिचा संसार होता.

आमच्या रानाचे राजे तरससाहेब. रीतसर निवडून आलेले. ते कुठल्याही प्रसंगी हसतात, तेराव्यालासुद्धा, त्यामुळे प्रजेला वाटतं, गडी मोकळ्या मनाचा आहे. ओढ्यावर बंधारा बांधून देतो म्हणून ते पहिल्यांदा निवडून आले. आमचा ओढा फाल्गुनातच आटतो. मग उरतो एक डोह, आणि त्या डोहावर अख्ख्या रानाची रांग. दोन शिमग्यांपूर्वी आमची भागीरथी त्या रांगेत चक्कर येऊन उताणी पडली होती. कासव उताणं पडलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत असेल. पुढच्या-मागच्यांनी तिला सरळ केलं नाही, कारण नंबर गेला असता.

तर एके सकाळी पहिल्या पानावर बातमी: 'बंधाऱ्याचं भूमिपूजन येत्या महिन्यात! रानाच्या इतिहासात प्रथमच!'

नरहरपंतांचे काटे ताडकन उभे राहिले. "प्रथमच? अरे, मी बंदोबस्ताला होतो की मागं एकदा!"

"चार वेळा झालंय," यमुताई डोळे मिटूनच म्हणाल्या.

त्यांनी चार फायली काढून दिल्या. चारही फोटोंत तोच दगड, तोच नारळ फोडणारा पंजा, तेच हसू. साहेब तेवढे फोटोगणिक जाड होत गेले होते. चौथ्या फोटोत मागच्या ओळीत टाळ्या वाजवणारा मीही होतो. कशाला खोटं बोलू?

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही जेवायला जाण्यापलीकडचा काही ठराव केला. शनिवारी आठवडी बाजार भरतो. भर बाजारात, उंबराखाली उभं राहून ते चारही अंक मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी वाचणार, नरहरपंत बंदोबस्त ठेवणार. यमुताईंनी त्या चार फायलींवरची धूळ पंखानं झटकली आणि वेगळ्या काढून ठेवल्या. बाई खुशीत होती. इतक्या वर्षांत कुणीतरी त्या फायली मागितल्या होत्या.

आता भिंतीला कान असतात, ढोलीला तर तोंडच असतं. गुरुवारी साहेबांचे चिटणीस कोल्हेसाहेब आम्हा प्रत्येकाच्या घरी छापील पत्रिका घेऊन हजर. 'ज्येष्ठ रानरत्न गौरव सोहळा. शाल, श्रीफळ व अल्पोपाहार.' शुक्रवारी.

भागीरथी म्हणाली, "जा, शाल आणा, थंडीला होईल. पण तो कोल्हा फुकट शिंकतसुद्धा नाही, तेवढं लक्षात असू द्या."

"मला सांगतेस?" मी म्हणालो. "वाचून-करा आप्पाला?"

सोहळा दणक्यात झाला. तरससाहेब भाषणाला उभे राहिले. "माझ्या ज्येष्ठांनो! तुम्ही या रानाची मुळं आहात! मुळांनी जमिनीत राहायचं असतं, वर काय चाललंय त्याची चिंता फांद्यांनी करायची असते! मी तुमचा राजा नाही, मी तुमचा मुलगा आहे!" असं म्हणून ते हसले. आम्हाला गहिवरून आलं. खरंच आलं. आमची स्वतःची मुलं दुसऱ्या रानात स्थायिक झालेली, दिवाळीला निरोप धाडतात. इथं एक राजा भर सभेत मुलगा म्हणवून घेतोय, तर म्हाताऱ्यानं काय करावं?

मग शाल पांघरायची वेळ आली. फोटो काढणारं माकड ओरडलं, "चष्मे काढा, आजोबा, चमकतात!" आम्ही सगळ्यांनी चष्मे काढले. फोटो उद्याच्या 'रानवार्ते'त येणार, त्यात चांगलं दिसायला नको? अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि नारळ खाली ठेवायच्या आत कोल्हेसाहेबांनी कागद पुढं केला.

"आप्पा, शालीची पोच तेवढी. इथं, शेवटी."

पोच! अहो, एकशे दहा वर्षं मी दुसरं केलंय काय? पोच म्हटली की माझा हात आपोआप चालतो. सही ठोकून दिली, वळणदार, खाली दोन टिंबं. नरहरपंतांनी केली. सगळ्यांनी केली. चष्मे खिशात होते.

शनिवारी सकाळी बाजार भरला. मी घसा साफ करत उंबराखाली पोचलो, तर ढोलीवर नवी पाटी: 'वाळवी समाज निवास व वाचन प्रकल्प'. खोडावरून मातीच्या रेघा थेट ढोलीत गेलेल्या. यमुताई बाहेर फांदीवर बसलेल्या. कोल्हेसाहेब लोकांना कागद वाचून दाखवत होते.

"आम्ही खाली सह्या करणारे ज्येष्ठ वाचक शाल मिळाल्याची पोच देतो. तसेच वाचनालयातल्या जुन्या फायली वाचनप्रेमी वाळवी समाजाच्या स्वाधीन करण्यास आमची काहीएक हरकत नाही."

नरहरपंतांचे काटे फुलले. "फसवणूक आहे ही!" ते गरजले. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की अंगावर नवी शाल आहे आणि ती फाटेल. त्यांनी काटे हळूच खाली घेतले.

यमुताईंनी डोळे उघडले. मी त्यांचे डोळे दिवसाउजेडी पहिल्यांदाच पाहिले.

"आप्पा, सही तुमचीच?"

"फोटोसाठी चष्मा काढला होता हो, यमुताई."

त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी चक्क मान आत ओढून घेतली. कासवाला ती सोय असते.

प्रकल्पाचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते झालं. "विरोधक विचारतात, वाळवीला वाचता येतं का? मी विचारतो, तुम्ही आजवर नुसतं वाचलंत, पचवलंत कधी? ही मंडळी पचवतात! एकच ध्यास, पानापानाचा घास!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या महिन्यात वाळवीनं सातशे अंक वाचून संपवले. एवढं वाचन त्या वाचनालयात कधी झालं नव्हतं, हे मलाही कबूल करावं लागेल. त्याला उत्कृष्ट वाचनालयाचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या महिन्यात मुलांची पुस्तकं संपली, तिसऱ्यात कपाटं. मग मतदारयादी लागली. तिच्यात उंबराच्या ढोलीच्या एकाच पत्त्यावर तीन लाख नवे मतदार होते. सगळे साक्षर. सरकारी कागद मात्र तेवढे लोखंडी पेटीत ठेवण्यात आले, कारण वाचनाची गोडी किती वाढू द्यायची यालाही मर्यादा असते.

यमुताईंची बदली झाली. डोहावर, रांगेत नंबर द्यायला, भर दुपारच्या पाळीत. घुबडाला दुपारी दिसत नाही, असा अर्ज त्यांनी केला. आवक-जावक खात्यानं त्यावर शिक्का मारला.

पुढं ढकलत ढकलत अखेर भूमिपूजनाचा दिवस जवळ आला. लोक कुजबुजायला लागले, "आधी झालं होतं की हे." कोल्हेसाहेब म्हणाले, "पुरावा आणा." पुरावा वाळवीच्या पोटात. तरी कुजबुज थांबेना. तेव्हा ते माझ्या घरी आले. या वेळी शाल नव्हती. एक पिवळं कार्ड होतं.

"डोहावर ज्येष्ठांची वेगळी रांग सुरू करतोय, आप्पा. सावलीत. हे कार्ड दाखवायचं, पहिला नंबर. वहिनींचा त्रास वाचेल. तुम्ही रानातले सर्वांत ज्येष्ठ, म्हणून पहिलं तुम्हाला. डोहावरच्या टेबलाशी एक सही करा आणि घेऊन जा."

भागीरथी आतून म्हणाली, "अहो, नका करू. मी राहीन उभी रांगेत." ती बाहेर यायला निघाली, आणि उंबरठ्याशीच बसली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं दुसरीकडे बघितलं.

डोहावर गेलो. टेबलाशी यमुताई बसल्या होत्या, उन्हानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडे उन्हात रांग, दिसेल तिथपर्यंत. त्यांनी कागद चाचपडत माझ्यापुढे सरकवला.

"आप्पा, चष्मा आहे ना आज?" त्या म्हणाल्या.

होता. मी तो लावला. कागदावर लिहिलं होतं: 'मी, या रानातला सर्वांत ज्येष्ठ रहिवासी, स्वतःच्या आठवणीनुसार प्रमाणित करतो, की ओढ्यावरील बंधाऱ्याचं भूमिपूजन याआधी कधीही झालेलं नाही.'

मी एकेक अक्षर शेवटपर्यंत नीट वाचलं, आणि मगच सही केली.