सुकेतची सावली

एका राज्यात, सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या तेव्हा, राणी हेमावतीला दिसलं की अंगणात उभ्या असलेल्या तिच्या लेकाची, सुकेतची सावली जेमतेम गुडघ्याएवढी पडली आहे. शेजारच्या तुळशीची मात्र लांबच लांब.

पोर जेवत नव्हतं. डोळे लाल, हात थरथरते, बोलता बोलता शब्द हरवायचा. "नजर लागली गं बाई," म्हणत तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. रोज टाकायची. सावली रोज आखूड व्हायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगायची, "जरा पित्त झालंय त्याला."

शेवटी खिडकीतली साळुंकी खोकत बोलली, "राणी, मिरच्यांचा ठसका लागतोय. नजर असती तर लागला असता का? त्याच्या कमरेची डबी बघ."

डबीत चांदणभुकटी होती. धूम्रक जादूगार ती पोरांना पहिल्यांदा फुकट द्यायचा. म्हणायचा, "एकदाच तर!" चिमूट घेतली की माणूस ढगांवर चालायचा, आणि भुकटी त्याची सावली खायची. सावली संपली की श्वास संपायचा.

"उपाय सांग, साळुंकीबाई."

"तीन कामं. डबी जाळ. वैद्याला बोलव. तिसरं मग सांगते."

राणीनं डबी जाळली. सुकेत ओरडला, "आई, तू वैरीण आहेस माझी!" त्याला हुडहुडी भरली, उलट्या झाल्या, भिंतीत साप दिसू लागले. वैद्यबुवा म्हणाले, "राणीसाहेब, हे भुकटी सुटतानाचं दुखणं. मारू नका, एकटं कोंडू नका. मी इथंच बसतो." राणीनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. दुखणं ओसरलं. सावली मात्र तेवढीच.

"तिसरं काम," साळुंकी म्हणाली, "हळदीकुंकवात खरं बोल."

"बायका काय म्हणतील गं?"

"आधी सावली बघ, मग विचार."

राणी कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी राहिली. "बायांनो, पित्त नव्हतं. माझा सुकेत चांदणभुकटी घेत होता."

मग सेनापतीणबाईंच्या हातातलं वाण खाली पडलं. "माझाही," त्या म्हणाल्या. "मी म्हणत राहिले, अभ्यासाचा ताण आहे." मागून सोनारीण हुंदका देऊन उठली.

धूम्रक झाकल्या दारांआडच जगायचा. बायका खरं बोलल्या, दारं उघडली, तसा तो धूर होऊन विरला.

सुकेतची सावली अंगठ्यापासून वाढू लागली. अजून पुरती नाही. कधी हात कमरेकडे जातो, तेव्हा तो हाक मारतो, "आई, ये गं जरा." राणी हातातलं टाकून जाते.

ऐकलंत ना? मग शेजारणीलाही सांगा. कानात नको, मोठ्यानं.