तांदळाच्या दाण्याएवढी भट्टी

“म्हणजे गॅस आणखी वाढवू का, आक्का?”

“किती येळा वाढवलास?”

“चारदा.”

“आन् ज्योत?”

“चारदा विझली...”

हुपरीतल्या पत्र्याच्या खोलीत चंद्राक्का पैंजणाच्या कड्यांना डाख देत, जाळावर सांधे जोडत बसल्या होत्या. हातात चिमटा, मांडीवर फुंकणी, पुढ्यात पेटता दिवा. समोर ऋजुता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, प्रोजेक्टची भट्टी दाखवायला आलेली. तिची भट्टी म्हणजे स्टीलची बारीक नळी; तोंडात तांदळाचा दाणा जेमतेम मावेल. उद्या अकराला बाहेरचे परीक्षक. आत ज्योत मिनिटभर टिकली नाही, तर वर्ष गेलं.

“का विझती? शिकलीस न्हवं?”

ऋजुता ताठ झाली. हे तिला तोंडपाठ होतं.

“भट्टी जितकी लहान, तितकी जाळाच्या मानाने भिंत जास्त. सगळी ऊब भिंतच ओढून घेते. गणित मांडून दाखवू?”

“नगं. पेटव.”

तिने काडी लावली.

फट्! ज्योत विझली.

ऋजुता केवढी दचकली! गॅसची चावी बंद केली आणि नळीला घाईघाईने ओलं फडकं गुंडाळलं. दर वेळी हेच करायची. आता तिचं तिलाही कळत नव्हतं.

“हे काय केलंस?”

“गार करते... तापून फुटली तर?”

“भिंत ऊब खाती म्हणालीस.”

“हो.”

“मग उपाशी भिंतीला वलं फडकं?”

ऋजुताची नजर फडक्यावर गेली.

आक्कांनी फडकं काढून लांब भिरकावलं. फुंकणी दातांत धरली, दिव्याचा जाळ नळीच्या टोकावर फिरवला. टोक लाल होऊ लागलं.

“आक्का, नको!”

ऋजुता दारापर्यंत मागे सरली. आक्का फुंकतच राहिल्या. मग नळीभोवती शेगडीतली ऊन राख लोटली. तोंड तेवढं उघडं ठेवलं.

“ये अशी. सोड गॅस. थोडाच.”

ऋजुता आली. पेटवलं. पुन्हा फट् झालं. तिचा हात चावीकडे धावला. आक्कांनी मनगट धरलं.

नळीच्या आत निळा ठिपका बसला.

ऋजुता सेकंद मोजत होती. चाळीस... साठ... सत्तर...

ठिपका हलला नाही.

“आक्का,” ती पुटपुटली, “उद्या त्यांच्यासमोर माझा हात थरथरला तर?”

आक्कांनी चिमटा तिच्या डोळ्यांपुढे धरला. टोकाची कडी लटलट हलत होती.

“माझा रोज थरथरतोय. ज्योतीला अजून ठाऊक न्हाई.”